थर्मासातली मटकी: तंतुकणिकेचं काम स्वतः कसं पाहावं

मटकी भिजवून फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी सकाळी आमची आजी त्या गाठोड्यात दोन बोटं खुपसून बघायची. "ऊब धरलीय, संध्याकाळपर्यंत मोड येतील," असं म्हणायची आणि तिचा अंदाज सहसा चुकत नसे. ती ऊब फडक्याची किंवा चुलीजवळच्या कोपऱ्याची असणार, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. ती मटकीची स्वतःची होती. पाणी मिळाल्याबरोबर दाण्यातल्या पेशी जाग्या झाल्या होत्या, त्यांच्यातल्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) साठवलेल्या अन्नातली ऊर्जा मोकळी करत होत्या, आणि त्यातली जी ऊर्जा पेशीच्या हाती लागत नव्हती ती उष्णता होऊन आजीच्या बोटांना लागत होती.

मी अकोले तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात २२ वर्षं जीवशास्त्र शिकवते आहे. अकरावीत आलेल्या मुलांना तंतुकणिका म्हणजे काय असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात "पेशीचं ऊर्जाघर" म्हणतो. मग मी पुढचा प्रश्न विचारते: आपण श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनचं शेवटी काय होतं? भराभर हात वर येतात. "कार्बन डायऑक्साइड होतो, मॅडम." हे उत्तर चूक आहे. त्या ऑक्सिजनचं पाणी होतं. हे ज्याला कळलं त्याला तंतुकणिका कळली, आणि नुसतं फळ्यावर लिहून ते कळत नाही असा माझा अनुभव आहे. म्हणून मी आधी ऊब मोजायला लावते, मग एक रंग जाताना बघायला लावते, सूक्ष्मदर्शक असेल तर ते कण दाखवते, आणि हिशोबाची वही त्यानंतरच उघडते. इथेही त्याच क्रमाने लिहिते. पहिल्या दोन गोष्टी घरी सहज होतात.

ऊब मोजा

दोन सारखे थर्मास घ्या, अर्ध्या-अर्ध्या लिटरचे. पाव किलो मटकी, कापूस, आणि तारेच्या टोकाला सेन्सर असलेले दोन डिजिटल थर्मामीटर, मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात मिळतात तसले. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, कारण त्याचे आकडे ३५ अंशांच्या आसपास सुरू होतात आणि आपल्याला त्याच्या बऱ्याच खालपासून वाचायचं आहे.

मटकी रात्रभर भिजवा, सकाळी निथळून फडक्यात बांधा. मोडाचं पांढरं टोक दिसायला लागलं की थांबा. लांब मोड यायची वाट बघू नका, थर्मासात भरताना ते तुटतात आणि तुटलेले मोड लवकर नासतात. आता मटकीचे दोन वाटे करा. एक वाटा दहा-पंधरा मिनिटं चांगला उकळा आणि पूर्ण गार होऊ द्या. दुसरा तसाच ठेवा.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच प्रयोग फसतो. दोन्ही वाटे पाच मिनिटं पातळ केलेल्या ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवा (एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी), मग स्वच्छ पाण्याने तीन-चार वेळा धुवा. मी पहिल्या वर्षी हे केलं नव्हतं. दोन दिवस सगळं छान चाललं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उकळलेल्या मटकीचा थर्मास जिवंत मटकीपेक्षा गरम निघाला. झाकण काढलं तर आंबूस वास आणि दाण्यांवर पांढरं जाळं. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मेलेली मटकीपण श्वास घेते." श्वास घेत होते ते दाण्यांवर वाढलेले जिवाणू आणि बुरशी. शिजलेली मटकी त्यांच्यासाठी तयार जेवण होतं.

थर्मास दोन-तृतीयांश भरा. गच्च भरलात तर आत हवा उरणार नाही. सेन्सर दाण्यांच्या मधोमध जाईल असा ठेवा, तोंडाला कापसाचा सैल बोळा लावा आणि फिरकीचं झाकण बाजूला ठेवून द्या. मग थर्मास आडवा किंवा तोंड खाली करून ठेवा. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो. थर्मास उभा ठेवला तर तो तळाशी साचतो आणि खालच्या दाण्यांना ऑक्सिजन मिळत नाही. उलटा ठेवला की तो कापसातून आपोआप झिरपून बाहेर पडतो.

दर तीन-चार तासांनी आकडा लिहा, खोलीचं तापमानही शेजारी लिहा. गेल्या डिसेंबरात आमच्या प्रयोगशाळेत खोली २१ अंशांवर होती. उकळलेल्या मटकीचा थर्मास दिवसभर २१-२२ वर राहिला. जिवंत मटकी दुसऱ्या दिवशी सकाळी २८ वर होती, संध्याकाळी ३३. तुमचे आकडे वेगळे येतील, पण दोन थर्मासांतला फरक दिसल्याशिवाय राहणार नाही.

मुलांना इथे एक गोष्ट नीट समजावून द्यावी लागते. ही ऊब म्हणजे पेशीने मिळवलेली ऊर्जा नव्हे. ही तिच्या हातून निसटलेली ऊर्जा आहे. एका ग्रॅम-रेणू ग्लुकोजमध्ये, म्हणजे १८० ग्रॅममध्ये, सुमारे ६८६ किलोकॅलरी असतात. पुस्तकी प्रमाण परिस्थितीत हिशोब केला तर त्यातला साधारण एक-तृतीयांश भाग एटीपीच्या, म्हणजे पेशीला लगेच खर्च करता येणाऱ्या ऊर्जेच्या रेणूच्या, रूपात पकडला जातो. जिवंत पेशीतली परिस्थिती वेगळी असल्यामुळे तिथे हे प्रमाण याहून बरंच जास्त भरतं, पण उरलेला भाग तिथेही उष्णताच होतो. आणि पकडलेला एटीपी पुढे मोड वाढवण्यात खर्च झाला की त्यातलीही बरीचशी ऊर्जा अखेर उष्णतेच्याच वाटेने जाते.

रंग जाताना पाहा

मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातूनच मिथिलीन ब्लूची लहान बाटली आणा, माशांच्या बुरशीवरचं औषध म्हणून ती मिळते. कपड्यांवर आणि ओट्यावर या रंगाचे डाग राहतात, म्हणून खाली जुना पेपर पसरा, आणि लहान मुलांच्या हाती बाटली देऊ नका.

अर्धा कप कोमट पाण्यात एक छोटा चमचा कोरडं यीस्ट आणि अर्धा चमचा साखर घाला. कोमट म्हणजे मनगटावर थेंब टाकला तर गरम लागू नये इतकंच. पंधरा-वीस मिनिटांनी फेस यायला लागेल. यातलं थोडं मिश्रण वेगळ्या भांड्यात उकळून गार करा. आता दोन उंच, अरुंद काचेच्या नळ्या किंवा रिकाम्या इंजेक्शनच्या बाटल्या घ्या, एकीत जिवंत यीस्ट, दुसरीत उकळलेलं. दोन्हींत आकाशी रंग येईल इतकेच थेंब टाका. जास्त टाकलेत तर वाट बघत बसावं लागतं.

नळ्या न हलवता ठेवा. काही मिनिटांत जिवंत यीस्टच्या नळीतला निळा रंग फिका पडत जातो आणि मिश्रण पुन्हा दुधट दिसू लागतं. उकळलेल्या नळीत निळा रंग तसाच राहतो. पण नीट बघा: रंग गेलेल्या नळीत अगदी वर, जिथे मिश्रण हवेला लागतं तिथे, एक बारीक निळी कड शिल्लक असते. नखाच्या टोकाएवढी. मी मुलांना नळी डोळ्यांसमोर धरून ती कड शोधायला सांगते आणि ती सापडेपर्यंत थांबते. मग नळीच्या तोंडावर बोट ठेवून ती खळखळून हलवायची. सगळं मिश्रण पुन्हा निळं. ठेवून दिलं की पुन्हा फिकं. हे चार-पाच वेळा करता येतं.

काय घडतं? पेशी अन्न तोडते तेव्हा अन्नातले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि त्यांना कुठेतरी जावं लागतं. मिथिलीन ब्लूने इलेक्ट्रॉन घेतले की तो रंगहीन होतो. हवेतल्या ऑक्सिजनने त्याच्याकडून ते काढून घेतले की तो पुन्हा निळा होतो. म्हणून वरची कड निळी राहिली, आणि हलवल्यावर हवा मिसळली म्हणून सगळंच निळं झालं. ऑक्सिजनचं काम हेच: हातोहात आलेले इलेक्ट्रॉन शेवटी स्वीकारणं. तंतुकणिकेतही शेवटच्या ठिकाणी ऑक्सिजनच उभा असतो. तो इलेक्ट्रॉन घेतो, आसपासचे प्रोटॉन (हायड्रोजनचे धनभारित कण) घेतो, आणि त्याचं पाणी होतं. सायनाइडचं विष नेमकी ही शेवटची पायरी अडवतं. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो आणि पेशीला तो वापरता येत नाही.

या प्रयोगाची एक मर्यादा मी वर्गात सांगते आणि तुम्हीही सांगा. यीस्टच्या पेशीत हा रंग तंतुकणिकेबाहेरही इलेक्ट्रॉन घेऊ शकतो. शिवाय साखर भरपूर असली की यीस्ट हवेतसुद्धा बऱ्याच प्रमाणात किण्वनच (ऑक्सिजन न वापरता साखर तोडणं) करतं. म्हणजे या नळीवरून "इलेक्ट्रॉन हस्तांतरित होतात आणि ऑक्सिजन ते घेतो" एवढंच सिद्ध होतं. ते कुठे होतं हे सिद्ध होत नाही.

आमच्या भागातल्या मुलांना हा प्रयोग ओळखीचा निघतो. दूध संघाच्या प्रयोगशाळेत कच्च्या दुधाची प्रत बघायला हीच मिथिलीन ब्लूची चाचणी करतात. नळीत दूध, त्यात रंग, ३७ अंशांवर ठेवायचं. निळा रंग जितका जास्त वेळ टिकेल तितके दुधात जिवाणू कमी. एका वर्षी एका मुलाने विचारलं, "पण मॅडम, जिवाणूंना तर तंतुकणिका नसतात ना?" नसतात. इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देणारी त्यांची साखळी त्यांच्या स्वतःच्या पेशीपटलात, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्यात, बसवलेली असते. तंतुकणिकेच्या आतल्या पटलात जशी असते तशीच. १९६७ साली लिन मार्गुलिस यांनी असा विचार नेटाने मांडला की तंतुकणिका मुळात स्वतंत्र जिवाणू होत्या, दुसऱ्या पेशीच्या आत राहायला आल्या आणि तिथल्याच झाल्या. आज हे मान्य झालं आहे. त्यांच्याकडे अजून स्वतःचा डीएनए आहे. माणसाच्या तंतुकणिकेतला डीएनए रासायनिक अक्षरांच्या १६,५६९ जोड्यांचा, त्यात ३७ जनुकं, आणि तो आपल्याला आईकडून मिळतो. त्या मुलाने हा प्रश्न विचारला त्या दिवशी मी ठरवलेला धडा बाजूला ठेवला आणि आम्ही तासभर एवढंच बोललो.

कण बघायचे असतील तर

यासाठी ४० पट मोठं दाखवणारं वस्तुभिंग असलेला सूक्ष्मदर्शक हवा आणि जॅनस ग्रीन-बी नावाचा रंग हवा, रसायनांच्या दुकानात मागवावा लागतो. हा रंग जिवंत पेशीत तंतुकणिका दाखवतो हे लेओनोर मिखाएलिस यांनी १९०० साली दाखवलं. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८९८ मध्ये, कार्ल बेंडा यांनी ग्रीक भाषेतले दोरा आणि दाणा हे दोन शब्द जोडून मायटोकॉन्ड्रिया हे नाव दिलं होतं. आपला तंतुकणिका हा शब्द त्याच दोन अर्थांचा आहे, आणि सूक्ष्मदर्शकात बघाल तर काही दोऱ्यासारख्या, काही दाण्यासारख्या दिसतात. नाव अगदी चपखल आहे.

रंगाचं द्रावण फार पातळ हवं, ०.०१ टक्का, आणि त्याच दिवशी केलेलं. ते साध्या पाण्याऐवजी ५ ते ७ टक्के साखरेच्या पाण्यात करा. कांद्याच्या आतल्या पाकळीची आतली बाजू, जिथून पातळ पापुद्रा अलगद सुटतो, तिथला नखाएवढा तुकडा घ्या. काचपट्टीवर रंगाचे दोन-तीन थेंब, त्यात पापुद्रा, दहा मिनिटं थांबा, मग आच्छादन काच ठेवा.

आता घाई करू नका. आधी पेशीची भिंत, मग केंद्रक शोधा. केंद्रकापासून कडेकडे जाणारे पेशीद्रव्याचे बारीक धागे दिसतात, त्यांच्यावर नजर ठेवा. त्या धाग्यांवरून हिरवट-निळे ठिपके सरकताना दिसतील, टाचणीच्या टोकाहून कितीतरी लहान. एखादा ठिपका सरकता सरकता थांबतो, पुन्हा निघतो. त्यांची जाडी साधारण अर्धा ते एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी. प्रकाश कमी करून, बारीक फिरकी सतत थोडी मागेपुढे करत बघायचं. रंग तंतुकणिकेतच टिकतो कारण तिथलं ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देणारं विकर (एन्झाइम) त्याचं निळेपण राखतं. बाकी पेशीत तो फिका होऊन जातो. काचेखालचा ऑक्सिजन संपत आला की ठिपकेही फिके पडतात, म्हणून एका पापुद्र्यावर फार वेळ काढू नका, नवा लावा.

हे बघितल्यावर मुलांना तंतुकणिकेचं चित्र काढायला सांगा, पण पुस्तकातली ती एकटी, वालाच्या दाण्यासारखी आकृती डोळ्यांपुढून काढून टाका. जिवंत पेशीत त्या एकमेकींना जुळतात, परत तुटतात, सतत आकार बदलतात. दोन आवरणं मात्र ठळक काढा. बाहेरचं साधं. आतलं घड्या घातलेलं, नऊवारीच्या निऱ्यांसारखं: एवढ्याशा जागेत भलं मोठं कापड बसवायचं तर निऱ्याच घालाव्या लागतात. सगळं काम त्या कापडावर चालतं, म्हणून कापड जितकं जास्त तितकं बरं. हृदयाच्या स्नायूत या घड्या अगदी दाट असतात.

घाटघरला जाऊन या

"ऊर्जाघर" या शब्दाने मुलांच्या डोळ्यांपुढे कोळसा जाळणारं केंद्र येतं: अन्न जाळलं, ऊर्जा निघाली. हा समज मोडायला मला फार दूर जावं लागत नाही. आमच्या तालुक्यात घाटघर आहे. तिथली उदंचन योजना ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते. वर घाटघरला एक जलाशय, खाली कोकणच्या अंगाला शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याजवळ दुसरा. मधे सह्याद्रीचा कडा आणि त्याच्या पोटात १२५-१२५ मेगावॅटचे दोन संच. विजेची मागणी कमी असते तेव्हा तेच संच पंप होऊन खालचं पाणी वर चढवतात. मागणी वाढली की पाणी खाली सोडतात आणि तेच संच टर्बाइन होऊन वीज देतात.

तंतुकणिकेत अगदी हेच आहे. खालचा जलाशय म्हणजे आतल्या आवरणाच्या आतलं आधारद्रव्य. वरचा जलाशय म्हणजे दोन आवरणांमधली चिंचोळी जागा. पाण्याच्या जागी प्रोटॉन. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन आतल्या पटलातल्या प्रथिनांमधून पायरीपायरीने ऑक्सिजनकडे उतरत जातात, आणि त्या उतरण्याच्या जोरावर तीन पंप प्रोटॉन बाहेर चढवतात. चढवलेले प्रोटॉन परत आत यायला बघतात, पण पटल त्यांना वाट देत नाही. वाट एकच: एटीपी सिंथेज नावाचं प्रथिन. ते खरोखरच गोल फिरतं. त्याच्या प्रत्येक फेरीत तीन एटीपी तयार होतात.

हा धरणाचा विचार पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडला. तोपर्यंत सगळे जण अन्न आणि एटीपी यांच्यामधलं एखादं रसायन शोधत होते, आणि ते सापडत नव्हतं. मिचेल म्हणाले, मधे रसायन नाहीच, मधे फरक आहे, पटलाच्या दोन बाजूंमधला. बरीच वर्षं त्यांना विरोध झाला. १९७८ साली त्यांना नोबेल मिळालं. तो फरक किती मोठा आहे हे आकड्यांत सांगते, कारण मला स्वतःला तो आकडा पहिल्यांदा कळला तेव्हा मी कागदावर दोनदा गणित करून बघितलं होतं. पटलाच्या दोन बाजूंत साधारण १५० ते १८० मिलिव्होल्टचा दाब असतो. टॉर्चच्या सेलचा दीड व्होल्ट असतो, त्यामुळे हा काहीच नाही असं वाटतं. पण पटलाची जाडी पाच-सहा नॅनोमीटरच आहे. एवढ्याशा जाडीवर तो दाब म्हणजे मीटरमागे सुमारे तीन कोटी व्होल्ट. हवेत ठिणगी पडायला मीटरमागे तीस लाख व्होल्ट पुरतात.

आणि घाटघरची उपमा शेवटपर्यंत टिकते. तिथला संच जसा दोन्ही दिशांनी चालतो तसं हे प्रथिनही दोन्ही दिशांनी चालतं: प्रोटॉन आत आले तर एटीपी बनवतं, एटीपी खर्च केला तर उलटं फिरून प्रोटॉन बाहेर चढवतं. ते फिरताना पहिल्यांदा प्रत्यक्ष दिसलं ते उलट्या दिशेनेच. १९९७ साली जपानी शास्त्रज्ञांनी त्याच्या फिरणाऱ्या दांड्याला प्रथिनाचा एक चमकणारा धागा चिकटवला, त्याला एटीपी दिला, आणि तो धागा सूक्ष्मदर्शकाखाली घड्याळाच्या काट्यासारखा फिरताना पाहिला. हे प्रथिन काम कसं करतं हे उलगडल्याबद्दल पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना नोबेलही त्याच वर्षी मिळालं.

धरणाला भोक पडलं तर? प्रोटॉन टर्बाइनला वगळून आत येतात, एटीपी बनत नाही, सगळी ऊर्जा उष्णता होते. नवजात बाळाच्या पाठीवर, मानेजवळ तपकिरी चरबी असते. तिच्या तंतुकणिकांत असं भोक मुद्दाम ठेवणारं प्रथिन असतं. तान्हं बाळ कुडकुडून ऊब आणू शकत नाही, ते अशी आणतं. सुरणाचं फूल उमलताना तापतं, तिथे वनस्पतीने वेगळी युक्ती केली आहे: इलेक्ट्रॉनना पंप टाळून जाणारी आडवाट.

आता हिशोब

ग्लायकोलायसिस आणि क्रेब चक्र, म्हणजे ग्लुकोज तोडण्याचे टप्पे, यांच्या पायऱ्या पुस्तकात आहेत, त्या पाठ कराव्या लागतील, त्याबद्दल मी इथे लिहीत नाही. जमाखर्च तेवढा बघू. एका ग्लुकोजमध्ये सहा कार्बन. पेशीद्रव्यात त्याचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात, निव्वळ २ एटीपी मिळतात. तुकडे तंतुकणिकेत जातात आणि सहाही कार्बन तिथे कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात. उच्छ्वासातला वायू तो हा. त्यातला ऑक्सिजन अन्नातून आणि पाण्यातून आलेला, श्वासातला नव्हे. या सगळ्यात आणखी २ एटीपी. म्हणजे इथवर फक्त ४. बाकीची सगळी ऊर्जा इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या हमालांच्या डोक्यावर: १० एनएडीएच आणि २ एफएडीएच-टू.

जुन्या हिशोबात एका एनएडीएचचे ३ आणि एफएडीएच-टूचे २ एटीपी धरायचे. ३० अधिक ४ अधिक ४, एकूण ३८. मग नव्या पुस्तकात ३० किंवा ३२ दिसतं आणि मुलं गोंधळतात. धरण समजलं असेल तर गोंधळ होत नाही. एका एनएडीएचमुळे १० प्रोटॉन वर चढतात. एक एटीपी बनवून तो बाहेर पोचवायला साधारण ४ प्रोटॉन खाली यावे लागतात. १० भागिले ४, अडीच. एफएडीएच-टूचे इलेक्ट्रॉन पहिला पंप चुकवून खालच्या पायरीवर येतात, त्यामुळे ६ प्रोटॉन, ६ भागिले ४, दीड. आता बेरीज: २५ अधिक ३ अधिक ४, एकूण ३२. पेशीद्रव्यातल्या एनएडीएचचे इलेक्ट्रॉन आत नेताना काही पेशींत आणखी २ एटीपीची घट येते, म्हणून ३०. परीक्षेत तुमच्या पुस्तकात जो आकडा असेल तो लिहा, पण अडीच हा अर्धा कुठून आला ते स्वतःला माहीत असू द्या. अर्धा एटीपी कुठे बनत नाही, ही सरासरी आहे.

कळसूबाईवर जाल तेव्हा

दरवर्षी आम्ही वर्ग घेऊन बारी गावातून कळसूबाईला जातो. १,६४६ मीटर. शिड्यांच्या आधी जी चढण लागते तिथे शहरातून आलेली मुलं बसकण मारतात. पोटऱ्या भरून येतात. तिथेच बसून मी विचारते, आत्ता काय चाललंय पोटरीत? जोराच्या चढावर तंतुकणिकांकडून पुरेशा वेगाने काम होत नाही, मग स्नायू पेशीद्रव्यातल्या त्या २ एटीपीवर भागवतो आणि लॅक्टिक आम्ल तयार होतं. ३०-३२च्या जागी २, म्हणून ग्लुकोज भसाभस संपतं. (दुसऱ्या दिवशीचं अंगदुखणं मात्र त्या आम्लामुळे नसतं. आम्ल तासा-दोन तासांत निघून जातं. दुखतं ते स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजेमुळे.)

बारीची मुलं मात्र बोलत बोलत चढत असतात. रोजच्या चढाने स्नायूतल्या तंतुकणिका वाढतात. जॉन हॉलोझी यांनी १९६७ साली उंदरांना आठवडेच्या आठवडे पळवून हे दाखवलं होतं. ज्यांना दम लागलाय त्यांनाही सांगते, चार-सहा आठवडे रोज चढा, तुमच्याही वाढतील.

खाली उतरल्यावर थर्मास आवरायचे असतात. थर्मासातली मटकी खाऊ नका, ब्लीचचं पाणी लागलेलं असतं. ती खतात टाका. थर्मास गरम पाणी आणि सोड्याने धुऊन उघडा वाळवा, नाहीतर वास राहतो. उसळीसाठी मटकी भिजवायची ती आधीच वेगळी काढून फडक्यात बांधून ठेवा, आणि सकाळी एकदा तिच्यात बोटं घालून बघा.